खाचरातला मधला पट्टा

८ जून, सकाळ
ही डायरी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात मिळाली. गेल्या सालची आहे म्हणून फुकट. तारखा त्याच असतात, वार तेवढा खोडायचा.
संकल्प असा, की यंदा राजकारणात तोंड घालायचं नाही. तीस वर्षं खंडाळ्याला बंगला राखला, मालकांची कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचली, आणि त्यातून एवढंच कळलं की शहाण्या माणसानं मध्ये उभं राहावं. मी मुळातच मधला माणूस. आमच्या वाडीत दोन पॅनल. मागच्या ग्रामपंचायतीला एकाला कपबशी हे चिन्ह मिळालं, दुसऱ्याला शिट्टी. निवडणूक संपली, नावं चिकटली ती चिकटलीच. पावसाळ्यानंतर पुन्हा निवडणूक आहे म्हणतात. मी कुणाचाच नाही. मागच्या खेपेला मत कपबशीला दिलं, पण मतदान गुप्त असतं.

८ जून, दुपार
निलेश (थोरला, तळेगावला कंपनीत) फोनवर ग्रुप करून देऊन गेला. नाव मी ठेवलं : ‘इर्जिक – सगळे एक’. अ‍ॅडमिन मी. पूर्वी इर्जिकीला दारोदार फिरावं लागायचं, की उद्या माझ्या खाचरात भाताची लावणी, या हो. मग सगळी वाडी यायची. मजुरी नाही, मालकानं फक्त जेवू घालायचं आणि परवा त्यांच्या खाचरात आपण वाकायचं. आता एका मेसेजमध्ये काम.
नंदाबाई (आमची मंडळी) म्हणाली, दारोदार फिरल्यावर चहा तरी मिळायचा. हिला टेक्नॉलॉजीचं काही नाही.

१० जून
बारकूला ग्रुपात घेतलं. तो वरच्या वाडीचा. लहानपणी एका कुरणात गुरं राखली, एकाच जांभळीवरून दोघं पडलो. लावणीच्या रांगेत तो माझ्या उजव्या हाताला उभा राहतो, हे आमच्या बापांच्या वेळेपासून ठरलेलं. तो हाळी देतो आणि त्या तालावर रांग मागं मागं सरकते. त्याच्या हाळीशिवाय माझ्या खाचरात ओळ सरळ गेलेली मी पाहिली नाही.
म्हणाला, भाऊ, मला वाचाया येत न्हाई, मला कशाला ग्रुप? मी म्हणालो, चित्रं बघ. नाहीतर बोलून पाठव.

१३ जून
माऊलीनं ग्रुपवर ‘सुप्रभात’ म्हणून कपबशीचं चित्र टाकलं. माऊली खालच्या आळीचा. बोलण्यात पट्टीचा आणि कमरेला कायम दुखण्याचा पट्टा. मी अंगठा दिला. सकाळची वेळ, चहाचं चित्र, शिष्टाचार आहे. तासाभरानं वरच्या वाडीच्या शालूबाईनं शिट्टीचं चित्र टाकलं. हे मात्र सरळ सरळ राजकारण झालं. नियम लिहून टाकला : इथे फक्त भात.
नंदाबाईनं विचारलं, मग कपाला अंगठा का दिला? समजावून सांगितलं. हूं म्हणाली. हिच्या हूंचे प्रकार आहेत. हा तिसरा.

१६ जून
माझं मागणं फार नाही. ग्रुपात सगळे असावेत. फक्त कुठलेही दोन मेसेज उघडले तर त्यात एक तरी शहाण्याचा निघावा. अर्धंअर्धं. याहून उदार माणूस अख्ख्या मावळात दाखवा.
शालूबाईला विश्रांती दिली. काढलं नाही, विश्रांती. फोन त्याला ‘रिमूव्ह’ म्हणतो. फोनला सभ्य भाषा येत नाही.

१७ जून
शालूबाई गेली म्हणून तिची जाऊ गेली. जाऊ गेली म्हणून तिच्या आळीतले गेले. मग शिट्टीवाले दोनचारच उरले. त्यांना परक्या लग्नात बसल्यागत वाटलं असणार, तेही गेले. मी एकीलाच विश्रांती दिली होती. बाकीचे आपल्या पायांनी गेले, त्याला अ‍ॅडमिन काय करणार?

२१ जून
बारकूचा आवाजी मेसेज आला. मागं बैलाची घंटा वाजत होती. म्हणतो, वरच्या वाडीला नळ न्हाई आला आजून, शिट्टीवालं देतो म्हंत्यात, तवा औंदा शिट्टी. आणि इंद्रायणीची रोपं कुणाकडं जास्त असली तर सांगा.
रोपांचं कुणीच बोललं नाही. माऊली मात्र बोटं झिजेपर्यंत टाइप करत बसला. शेवटी मला लिहिलं, आबा, याला ठेवायचं तर आम्ही चाललो.
बारकूला दोन दिवस विश्रांती दिली, माऊली शांत होईपर्यंत. बारकूला कळणारही नाही, तो फोन बॅटरी म्हणून वापरतो. परवा परत घेईन.

२३ जून
उद्या घेतो.

२५ जून
राहिलं. गुडघा.

२८ जून
ग्रुपवर रामराज्य आहे. मी काहीही लिहिलं तरी अंगठे. ‘ऊन पडलं’ लिहिलं, अंगठे. पाच मिनिटांनी ‘ऊन गेलं’ लिहिलं, तेवढेच अंगठे. यूट्यूबचंही तेच. मी जे मानतो तेच फोन रोज नव्या माणसाच्या तोंडून ऐकवतो, आणि ती माणसं कोट घातलेली असतात. याचा अर्थ माझं मत देशभर गेलेलं आहे.
निलेशचा फोन आला. म्हणतो, आबा, तुमच्या ग्रुपात आता वाडीत राहणारी माणसं किती ते जरा बघा. मी म्हणालो, संख्येला काय करायचंय, विचार महत्त्वाचे.

२ जुलै
शालूबाईनं दुसरा ग्रुप काढला म्हणे : ‘इर्जिक – खरी’. मला बघायची मुळीच इच्छा नाही. निलेशला सांगून आत जायची विनंती पाठवली, ती फक्त त्यांचं शुद्धलेखन कसं आहे ते बघायला.

३ जुलै
विनंती पडून आहे. सकाळपासून नऊ-दहा वेळा पाहिलं असेल. इच्छा मुळीच नाही.

५ जुलै
काल बारकूच्या खाचरात लावणी झाली. मला माहीत नव्हतं. सांगावा त्यांच्या ग्रुपवर होता. जन्मात पहिल्यांदा त्याच्या इर्जिकीला मी नाही.
नंदाबाई गेली होती. ती कुठल्याच ग्रुपात नाही. बारकूची बायको झुंबरबाई बांधावरून ओरडली, तेवढ्यावर ही गेली. गुडघाभर चिखलात आली, आणि येताना माझ्यासाठी डब्यात बोंबलाचं कालवण. झुंबरबाईनं आठवणीनं दिलं म्हणे. बारकूनं विचारलं, भाऊ आजारी हाईत का? ही म्हणाली, व्हय, फोन झालाय त्यांना.
मी त्या डब्याला हात लावला नाही.
चूक बारकूची आहे. तो ग्रुपात असता तर बोलणं झालं असतं. तो ग्रुपात नाही कारण

५ जुलै, संध्याकाळ
कालवण खाल्लं. वाया गेलं असतं.

९ जुलै
माझी लावणी रविवारी, १३ तारखेला. ग्रुपवर टाकलं. अंगठ्यांचा पाऊस! हात जोडलेले, फुलं, ट्रॅक्टर, एकानं वाघ पाठवला. माऊलीच्या पॉवर टिलरनं चिखलणी झाली. रोपं अगदी तयार आहेत. चार दिवस वर गेले तर जून होतील, मग फुटवे धरत नाहीत. पण काळजी नाही. नंदाबाईला सांगितलं, जेवढे अंगठे तेवढी पानं धर. तिनं विचारलं, या अंगठ्यांना हात हायेत का?

१२ जुलै
चिंचवडहून मेसेज : मनाने तिथेच आहे. कात्रजहून : मनाने तिथेच. देहूरोडचा एक जण मनानं आणि ‘सहकुटुंब’ येणार आहे.

१३ जुलै, सकाळी सात
बांधावर मी आणि माऊली. माऊलीला वाकता येत नाही, देखरेखीला आलाय. मला गुडघ्यामुळं वाकता येत नाही. रोपांच्या मुठी चिखलात पडल्यात.

साडेसात
ग्रुपवर लिहिलं, कुठपर्यंत आलात? अकरा अंगठे आले.

आठ
नंदाबाई अनवाणीच निघाली, आधी खालच्या आळीत, मग वरच्या वाडीकडं. मी म्हणालो, तिकडं नको, स्वाभिमान आहे. म्हणाली, सोभिमान लावा खाचरात, बघू किती फुटवं येत्यात.

संध्याकाळ
सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मला बोल लावायला नको. (कुणी वाचणार नाही, तरी.)
सगळे आले. खालच्या आळीतून माऊलीची सून रुपाली आणि तिच्या बरोबरच्या. वरून झुंबरबाई, शालूबाई, सगळी शिट्टी. आणि बारकू. सरळ येऊन माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. धोतर वर खोचलं, माझ्या गुडघ्याकडं बघितलं, म्हणाला, तुमी निस्तं हुबं ऱ्हावा भाऊ, तुमची वळ बी मीच वढतो.
एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रुपाली शालूबाई आणि झुंबरबाईच्या मध्ये अडकली होती. मला ते बरं दिसेना. कुणी दुखावू नये म्हणून एक सोपा नियम सांगितला : प्रत्येकाच्या एका बाजूला तरी त्याच्या विचाराचं माणूस असावं. एकच. दुसऱ्या बाजूला कुणीही चालेल. यात काय वाईट?
रुपाली दोन माणसं सोडून सरकली. त्यामुळं जिच्या शेजारी ती होती तिची पंचाईत. ती सरकली. मग तिच्या शेजारची. सुपात पाखडल्यावर खडे एका कडेला आणि दाणे दुसऱ्या कडेला जातात, तसं सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. कुणी कुणाला शिवी दिली नाही. प्रत्येक जण फक्त एक-दोन पावलं सरकत होता. शेवटी बारकू उरला. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माऊलीचा पुतण्या. नियमात बसेना. त्यानं विचारलं, मंग म्या कुटं जाऊ भाऊ? मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा, तू जरा तिकडं सरक.
तो सरकला. पार त्या बांधापर्यंत सरकला.
कपबशी या बांधाला, शिट्टी त्या बांधाला, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि तिथं मी. मागं मागं सरकत लावत गेले, तशी ती जागाही त्यांच्यासोबत मागं सरकत गेली. हे म्हणाले, ती जागा त्यांनी लावायची, ते म्हणाले, यांनी. हाळी कुणी दिली नाही. बारकूला म्हणालो, दे की. तो म्हणाला, घसा बसलाय. ओळी नागमोडी गेल्या.
चहा आला तो कपबशीतून. शालूबाई म्हणाली, मला गिलासात द्या. शिट्टीच्या सगळ्यांनी ग्लास मागितले. घरात ग्लास तीन. एकीनं तांब्यातून घेतला. तेवढ्यात घरात कुकरची शिट्टी झाली, तर माऊली म्हणतो, वहिनी, हा प्रचार बंद करा. नंदाबाई म्हणाली, भात कच्चा चालंल का मग? जेवायला बसले तेही दोन पंगतीत.
पाच वाजता सगळे घरी. खाचर हिरवं झालं, मध्ये पट्टा उघडा. माझ्या दारापासून थेट वरच्या वाडीच्या बांधापर्यंत. बायकांच्या भांगासारखा सरळ. तेवढा एकच सरळ आहे. उद्या नंदाबाईला घेऊन लावून टाकतो.
नंदाबाई म्हणाली, मी माझ्या वाटणीचं वाकले.

१४ जुलै
पट्टा उद्या.

१७ जुलै
पाऊस.

२३ जुलै
उरलेली रोपं पिवळी पडली. पण व्हिडिओत बघितलं, की हल्ली भातात मुद्दाम पट्टे मोकळे सोडतात, हवा खेळते. पट्टा पद्धत. म्हणजे मी न कळता शास्त्रोक्त केलं. ग्रुपवर टाकलं. अंगठे.

२० ऑगस्ट
बारकू बाजारात भेटला. म्हणजे तो पलीकडच्या अंगाला होता. मी हात वर केला, त्याच्या हातात पोतं होतं. त्यानं मान हलवली असावी. मीही हलवली. पंधरा पावलांवरून मान नीट दिसत नाही.

३० ऑगस्ट
निवडणूक बिनविरोध! दोन्ही पॅनलचे पुढारी हायवेवरच्या हॉटेलात बसले आणि जागा निम्म्यानिम्म्या वाटून घेतल्या. फोटो आला. एका सोफ्यावर दोघं चहा पिताहेत. ग्लासातून.
ग्रुप दुपारपर्यंत गप्प. मग माऊलीनं लिहिलं : ऐतिहासिक ऐक्य. मी अंगठा दिला. वरच्या वाडीच्या नळाचं काय ठरलं ते फोटोत दिसत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी दार उघडलं तर पट्ट्यातून रेनकोटांची रांग चाललेली. लोहगडाचे ट्रेकवाले. एकानं विचारलं, काका, गडावर जायची वाट हीच ना? मी म्हणालो, हे माझं खाचर आहे. त्यानं फोन दाखवला. मागच्या आठवड्यात कुणीतरी पट्ट्यातून गेला आणि नकाशावर रेघ ओढून ठेवली. मी म्हणालो, फोन खोटं बोलतो. तो माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, काका, फोन कसा खोटं बोलेल? इतक्या जणांनी लाइक केलंय.
हल्लीची पिढी. फोन सांगेल ते खरं.

१९ सप्टेंबर
पट्ट्याची रहदारी वाढली. वरच्या वाडीच्या बाया हंडे घेऊन इथूनच आमच्या नळावर येतात. जवळ पडतं. नंदाबाईनं मला न विचारता सांगून ठेवलंय. झुंबरबाई माझ्या समोरून गेली, म्हणाली, बरं हाय न्हवं दादा? बरं आहे म्हणालो. म्हणजे इतकी वर्षं या बाया लांबच्या विहिरीवर जात होत्या. मला कुणी बोललं नाही. बारकू बोलला होता, पण ग्रुपवर.

५ ऑक्टोबर
ठरवलं. बारकूकडं जायचं आणि मोठ्या मनानं त्याला ग्रुपात परत घेतल्याचं सांगायचं. निम्म्या पट्ट्यापर्यंत गेलो. गुडघा.

६ ऑक्टोबर
गेलो. बारकू विळ्याला धार लावत होता. मी म्हणालो, बारक्या, तुला ग्रुपात परत घेतो. त्यानं विचारलं, कंच्या ग्रुपात? त्याचा फोन जूनमध्येच पाण्यात पडलाय, तेव्हापासून कणगीत तांदळात पुरून ठेवलाय. मी त्याला ग्रुपातून काढलं होतं हे त्याला ठाऊकच नाही! म्हणजे चार महिने मी मनाला उगाच लावून घेतलं. (घेतलं नव्हतंच.)
मग विचारलं, तर मग रागावलास कशावर? तो धार लावत राहिला. मग म्हणाला, तुमी मला सरक म्हनलात.
मी पॅनलचं समजावू लागलो. तो म्हणाला, म्या शिट्टीत न्हाई भाऊ, म्या नळात हाय. पानी देत आसंल तर वरवंट्याला मत देईन. तुमाला पाच मिन्टांत सांगितलं आसतं, पर तुमी इचारलं कुटं?
मी म्हणालो, माझा गुडघा लय दुखतो रे. तो म्हणाला, ठाव हाय. झुंबरबाईनं चहा आणला. कप एकच होता घरात. बारकूनं कप मला दिला आणि स्वतः बशीत ओतून घेतला.

८ नोव्हेंबर
उद्या भातकापणी. मेसेज टाकायला फोन हातात घेतला तर नंदाबाईनं तो काढून घेतला आणि कणगीत टाकला. म्हणाली, बारकूभाऊजींचा बरा झाला तर तुमचाबी हुईल. मग पदर खोचून निघाली दारोदार. मीही मागं गेलो. तीन घरी चहा झाला.

९ नोव्हेंबर, रविवार
सगळे आले. रुपाली शालूबाईच्या शेजारी, माऊलीचा पुतण्या झुंबरबाईच्या. जिथं विळा चालेल तिथं जो तो उभा. माऊली वाकला! पट्टा काढून ठेवला आणि वाकला, मग दुपारपर्यंत उठता येईना.
मी बारकूला विचारलं, मी कुठं उभा राहू? एकदम सगळेच माझ्याकडं बघायला लागले. शालूबाई म्हणाली, आबांनी न्हेम सांगू नगं, मंजी झालं. बारकू म्हणाला, भाऊ, तुमी पट्ट्यात ऱ्हावा. ती गडावाली पोरं इळ्यांच्या मदी याया लागल्यात, त्यास्नी वाट दावा.
दिवसभर पट्ट्यात उभा. डावीकडं कापणी, उजवीकडं कापणी, मध्ये मी. दोन्हीकडच्यांचा विश्वास असल्याशिवाय असं काम कुणी देत नाही. एकानं एंट्री फी किती विचारली. एका मुलीनं माझा फोटो काढून नकाशावर टाकला आणि वाचून दाखवला : इथे एक आजोबा उभे असतात, त्यांना मध्येच राहू द्यावे आणि बाजूने पुढे जावे.
उजव्या हाताला बारकू कापत होता. त्यानं मोठ्यानं हाळी दिली. घसा बरा झालेला दिसतो. मग कापणी माझ्यापर्यंत आली तेव्हा न वाकलेला मी एकटाच होतो. तो म्हणाला, भाऊ, जरा सरका.
सरकलो.